फ्लायव्हीलवर ओतलेले पाणी

ॲन्सेल्म तुस्कानोचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उठला की तो वाडीतला पंप चालू करी, केळीच्या ओळींना पाणी लावी आणि पाणी सरीच्या टोकाला पोहोचेपर्यंत ओट्यावर बसून लिही. बसून म्हणणे बरोबर नाही. एक ओळ लिहायची, उठायचे, बांध फोडून पाणी पुढच्या सरीत सोडायचे, परत येऊन तीच ओळ खोडायची. त्याची बायको जुलियाना म्हणायची, "केळी उभ्यानं वाढतात, तसं तुमचं लिखाण. कधी बूड टेकून वाढलेलं बघितलं नाही."

सातला तो युजीनच्या गॅरेजात असे. वसईतल्या पापडीच्या रस्त्याला ते गॅरेज होते. मी तिथे लेथवर होतो, ॲन्सेल्म फिटर. त्याच्याइतके चांगले काम करणारे मी आणखी दोघे-तिघे पाहिले. त्याच्याइतका अस्वस्थ माणूस दुसरा पाहिला नाही. बसवलेला नट तो परत सोडवून बघे. हातातल्या कामापेक्षा पुढचे काम त्याला जास्त टोचे.

त्याचा बाप बैलगाडीची चाके करायचा. लाकडी चाकावर लोखंडी पट्टी चढवतात, तिला धाव म्हणतात. धाव चाकापेक्षा थोडी लहान करायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायची, आणि लाकूड जळायच्या आत पाणी ओतायचे. लोखंड आवळते आणि चाक जन्माचे बांधले जाते. ॲन्सेल्म हे काम करतच मोठा झाला. पुढे ट्रक आले, चाके बंद झाली, तो मोटारीकडे वळला.

युजीन कुवेतहून परत आला ते गाडीचे वेड घेऊन. फियाट आणि ॲम्बॅसॅडर दुरुस्त करून गॅरेज चालत होते. तेवढे त्याला पुरेना. १९८३ च्या पावसाळ्याआधी त्याने एक भंगारातली हेराल्ड मोटार ओढून आणली.

"हिची बॉडी काढून टाकायची," तो म्हणाला. "खाली चेसिसचा सांगाडा वेगळा आहे, तो उभा राहतो. वर ॲल्युमिनियमचा पत्रा. दोन सीट, छप्पर नाही. पुढे फियाटचं इंजिन. आणि शोलावरमला पळवायची."

मद्रासजवळ शोलावरमला विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. आम्ही त्यांचे फोटो पाहिले होते, तेवढेच.

"छप्पर नाही तर पावसात काय करनार?" मी विचारले.

"जयराम, स्पोर्ट्स कार पावसासाठी नसते."

"मग वसईत कशाला बनवतो?"

ॲन्सेल्म हसला नाही. तो हेराल्डच्या मागच्या चाकाखाली डोके घालून बसला होता. "ह्या गाडीचं मागचं ॲक्सल वाईट आहे," तो आतूनच म्हणाला. "वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की उलटेल." त्या दिवसापासून ती गाडी युजीनच्या पैशाची आणि ॲन्सेल्मच्या झोपेची झाली.

आता लिखाणाचे सांगतो. दादरहून मोटारींचे एक मराठी मासिक निघायचे. पापडीत त्याचा एकच अंक येई, फेबियनकडे. फेबियन बँकेत कारकून. गाडी त्याने कधी चालवली नव्हती, पण जगातल्या कुठल्या गाडीला किती सिलिंडर ते त्याला पाठ. रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की देवळाबाहेरच्या कठड्याशी आम्ही पाचसहा जण जमायचो आणि फेबियन मोठ्याने वाचायचा.

"'ही गाडी वाऱ्याशी शर्यत लावते,'" त्याने एकदा वाचले.

"वाऱ्याचा वेग किती होता?" ॲन्सेल्मने विचारले.

"ते नाही दिलेलं."

"कुठल्या गियरात?"

"तेही नाही. पुढे ऐक. 'वळणावर ती रस्त्याला घट्ट बिलगते.'"

"टायर कुठले? हवा किती? मागची स्प्रिंग कसली?" ॲन्सेल्मने अंक त्याच्या हातातून ओढून घेतला, पाने उलटली, परत दिला. "हा माणूस गाडीत बसलेला नाही. बसला असेल तर डोळे मिटून."

"मग तू लिही," फेबियन म्हणाला. "कठड्यावर बसून सगळेच संपादक होतात."

ॲन्सेल्मने संपादकाला कार्ड टाकले. संपादकाचे उत्तर आले की तुम्ही खरोखर गाडी बांधत असाल तर ती कशी बांधता ते दर महिन्याला लिहा. तेव्हापासून पहाटेचे ते बसणे-उठणे सुरू झाले.

लिहायला लागल्यावर तो जास्तच बिघडला. दुपारी डबा खाताना माझ्यासमोर कागद धरायचा. वाचणाऱ्याला काय पाहिजे, हा एकच विषय.

"जयराम, हे वाचणाऱ्याकडे गाडी नसते. असली तर सासऱ्याची स्कूटर. तो वाचूनच गाडी चालवतो. मग त्याला क्लच पायाला किती जड लागतो ते सांगायला नको? पत्रा ठोकताना कुठे फाटला ते नको? 'गाडी सुंदर झाली' म्हटलं की झालं?"

"सुंदर झाली तर सुंदर लिव."

"सुंदर त्याला फोटोत दिसतं. जे दिसत नाही ते लिहायचं." मग थांबून म्हणाला, "आणि शंभरातला एक तरी पाना हातात घेऊन वाचत असतो. लेख त्याच्यासाठी असतो. बाकीचे बघे."

मागच्या ॲक्सलवरचा त्याचा लेख गाजला. त्या हेराल्डचे चाक वळणावर कसे आत दुमडते, बकरी बसताना पाय दुमडते तसे, हे त्याने लिहिले. आम्ही स्प्रिंगखाली ठोकळा घालून गाडीचे बूड कसे खाली आणले, पहिला ठोकळा चुकीचा कसा निघाला, दुसरा किती जाड घेतला, सगळे लिहिले. कोल्हापूरहून, सोलापूरहून कार्डे आली. जुलियाना ती कार्डे आल्या-गेल्याला दाखवी. वर म्हणे, "माझ्या कानात हेच सगळं रोज सांगतात, मला कोणी कार्ड पाठवत नाही."

ॲन्सेल्म ओव्हरटाइमचा पगार बाजूला ठेवत होता. फेब्रुवारीत गाडीबरोबर शोलावरमला जायचे होते. युजीन भाडे देणार नव्हता, गाडी नेण्यातच त्याचे हात रिकामे होणार होते. ॲन्सेल्मने आयुष्यात शर्यत पाहिली नव्हती. आपण केलेली गाडी इतरांच्या गाड्यांबरोबर सुटताना बघायची, एवढेच त्याला हवे होते, आणि ते तो दिवसातून एकदा तरी बोलून दाखवी.

मग फ्लायव्हीलचे काम आले. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागे फिरणारी लोखंडी जड तबकडी. ती हलकी केली की इंजिनाचे फेरे पटकन वाढतात. मी ती लेथवर लावून पाठीमागून छिलून काढली. तिच्या परिघावर दातांची पोलादी रिंग असते. स्टार्टर त्या दातांना धरून इंजिन फिरवतो. जुन्या रिंगचे दात झिजले होते, युजीनने नवी आणली. ही रिंग तबकडीपेक्षा थोडी लहान असते, तापवून चढवायची.

ॲन्सेल्मचा चेहरा उजळला. "ही तर धाव," तो म्हणाला.

फियाटचे मॅन्युअल फळीवर होते. प्रत्येक कामाआधी तो ते उघडी, वाचे, त्यावर शंका घेई. त्या दिवशी उघडले नाही. जे काम येते त्याला पुस्तक कशाला? अंगणात गोवऱ्या रचल्या. जुलियाना घरून पाण्याच्या दोन कळशा घेऊन आली. तिच्या माहेरीही चाके होत, केव्हा ओतायचे ते तिला ठाऊक होते. रिंग लाल झाली. आम्ही दोघांनी चिमट्यांनी उचलली, तबकडीवर टाकली, ती अलगद बसली. "ओत!" ॲन्सेल्म ओरडला. वाफेचा लोट उठला. फेबियन फोटो काढत होता. शेजारच्या आळीतले म्हातारे काठ्या टेकत बघायला आले आणि एकजण म्हणाला, "किती वर्षांनी हा वास आला!"

आम्हाला कोणालाच त्यात काही वावगे दिसले नाही. मलाही नाही.

तो लेख त्याच्या सगळ्या लेखांत चांगला उतरला. बापाची भट्टी, धाव, गोवऱ्या आणि तीच विद्या स्पोर्ट्स कारला कशी लागू पडली, असे सगळे त्यात आले. संपादकाने फोटोसह पहिल्या पानावर घेतला. कार्डांचा पाऊस पडला. चाळीसगावचा एक जण, श्रीपत नावाचा, मोटर वाइंडिंगचे दुकान असलेला, त्याने लिहिले की त्यानेही एक गाडी बांधायला घेतली आहे, आणि लेख वाचल्याबरोबर गावातल्या लोहाराकडून रिंग तशीच चढवून घेतली.

जानेवारीत आम्ही गाडी राजोडीच्या किनाऱ्यावर नेली. ओहोटीला तिथली ओली वाळू इतकी घट्ट असते की सायकलचे चाक रुतत नाही. युजीन आत बसला. पहिली फेरी साधी. दुसऱ्या फेरीला त्याने तिसऱ्या गियरात इंजिन पूर्ण वर नेले. आवाज मला अजून आठवतो, कापड फाडल्यासारखा, आणि ॲन्सेल्म माझा दंड धरून म्हणत होता, "अजून आहे, अजून आहे तिच्यात."

मग धाडकन आवाज झाला. गाडी वाळूत आडवी सरकली आणि थांबली.

आम्ही धावलो. युजीन बाहेर येऊन एका पायावर उभा होता. डाव्या बुटाची टाच नव्हती. रिंगचा वीतभर तुकडा क्लचचे बिडाचे आवरण फोडून, तळाचा पत्रा कापून, त्याच्या टाचेखालून निघून वर सीटच्या लाकडात रुतला होता.

"बूट कुवेतचा होता," युजीन म्हणाला. तो हसत होता. "पाय पापडीचा. राहिला."

ॲन्सेल्मने तो तुकडा उपटून काढला. मोडलेली बाजू फिरवून फिरवून बघितली. आत जुनी, काळपट चीर होती, आणि तिच्यापुढे ताजी, चकचकीत मोडलेली जागा. त्याने बूट बघितला नाही, गाडी बघितली नाही.

"लेख," तो म्हणाला.

"कसला लेख?" युजीनने विचारले.

"ही चीर पाणी ओतलं त्या दिवशीची आहे. माझ्या लेखात पाणी ओतायला सांगितलंय."

गॅरेजात आल्यावर त्याने फळीवरचे मॅन्युअल काढले. रिंगबद्दल तीनच ओळी होत्या. हलकी तापवा, लाल होऊ देऊ नका, हवेत निवू द्या. बैलगाडीची धाव मऊ लोखंडाची असते आणि बैल चालतो. ही रिंग पोलादाची. लाल करून पाणी घातले की ती काचेसारखी होते. आणि ती मिनिटाला सहा हजार वेळा फिरते. त्याने त्या ओळी आम्हाला वाचून दाखवल्या आणि पुस्तक बंद न करता तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी तो दादरला गेला. संध्याकाळी आला तो भांडून आल्यासारखा.

"संपादक काय म्हणतो?" मी विचारले.

"पुढचा अंक छापून झालाय. त्याच्या पुढच्यात बघू म्हणतो. बघू! आणि म्हणतो, वाचकांचा विश्वास आहे, तो कशाला हलवायचा? एक ओळ टाकू, 'पाणी जपून वापरावे'."

"तेवढं पुरेल की," युजीन म्हणाला. त्याचा पाय स्टुलावर होता. "ॲन्सेल्म, ज्यांनी कार्ड टाकलं त्यांना तू कार्ड टाक. गाजावाजा कशाला? उद्या लोक म्हणतील, युजीनच्या गॅरेजात फ्लायव्हील फुटतात. मी इथे चार गाड्यांचं काम मिळवायला बसलोय."

"ज्यांनी कार्ड टाकलं नाही त्यांचं काय?"

"ते बघे. तूच म्हणतोस."

"मला कसं कळणार कोण बघ्या आणि कोणाच्या हातात पाना?"

ॲन्सेल्मने कार्ड टाकणाऱ्या बाकीच्यांना कार्डे टाकली. चाळीसगावला श्रीपतला तार केली. उत्तर आले नाही. त्या आठवड्यात त्याच्या हातून कामे बिघडली. कारबुरेटर उघडून ठेवी आणि दाराशी जाऊन पोस्टमन बघे. वाडीत पाणी सरीवरून वाहून शेजारच्या रस्त्यावर गेले. जुलियाना त्याला म्हणाली, "तो माणूस आता गाडी चालवत असेल की नसेल हे तुम्हाला इथे उभं राहून दिसणार आहे का? जा तिकडे. आणि कळशी मी ओतली होती, हेही त्याला सांगा."

तो गेला. मीही गेलो, कारण एकटा गेला असता तर आगगाडीत सीटवर बसला नसता.

श्रीपतचे दुकान बाजारात होते. माणूस आनंदाने वेडा झाला. तार मिळाली होती, पण तिच्यात 'रिंग काढा' एवढेच होते, आणि त्याला वाटले कोणीतरी हेव्याने पाठवली. त्याने आम्हाला चहा पाजला, पाच जणांना बोलावून आणले. "हेच ते लेखक." मागच्या खोलीत गाडी. इंजिन अजून बाहेर घोडीवर होते, फ्लायव्हील लावलेले. ॲन्सेल्मने राजोडीचे आणि चिरेचे सांगितले.

"आवाज ऐका," श्रीपत म्हणाला आणि रिंगला चावीने टिचकी मारली. खणखणीत वाजली. "कुठे आहे चीर? आमचा लोहार तुमच्यापेक्षा चांगला निघाला म्हणा की!"

"चीर नसली तरी काढा," ॲन्सेल्म म्हणाला.

"साहेब, मी तुमच्या लेखावर विश्वास ठेवला. आता तुमच्या शंकेवरही ठेवू? चांगली बसलीय. पुढच्या रविवारी घाटात नेणार आहे."

"हातोडी आहे?"

"आहे. कशाला?"

ॲन्सेल्मने बाकावरची लहान हातोडी घेतली आणि रिंगच्या एका दातावर आडवी मारली. जोरात नाही. चांगला दात अशा घावाने वाकत सुद्धा नाही. हा तुटून श्रीपतच्या चहाच्या बशीत पडला. त्याने दुसऱ्यावर मारली. तोही गेला.

मग श्रीपत भडकला. माझी रिंग, माझे पैसे, कोणी सांगितलं तोडायला. ॲन्सेल्म मान खाली घालून ऐकत राहिला. श्रीपतचा आवाज हळूहळू खाली आला. त्याने बशीतला दात उचलला, नखाने मोडलेली बाजू तपासली.

"तुम्ही लिहिलं होतं," तो म्हणाला, "की ही विद्या बापाकडून आली."

"बापाची विद्या चाकापुरती होती. ती पुढे ओढली ती मी." मग त्याने सांगितले, "रिंग मी पाठवतो. नवी. स्वतः लावून देईन."

"लावून नको. लिहून द्या कशी लावायची," श्रीपत म्हणाला. "ह्या वेळी तुमच्यासमोर तीन वेळा वाचून घेतो."

परतताना ॲन्सेल्म नाशिकपर्यंत बाकावरून उठत-बसत राहिला. मग म्हणाला, "एक झाला. बाकीचे?"

त्या शनिवारी तो मला घेऊन मुंबईत एका मोठ्या दैनिकाच्या जाहिरात खात्यात गेला. खिडकीमागचा कारकून चष्म्यावरून बघत होता.

"कुठल्या सदरात? वधूवर, विक्री, हरवले-सापडले?"

"चूक झाली, असं सदर आहे का?"

"जाहीर खुलासा आहे. मालमत्तेचा वाद आहे का?"

"नाही. फ्लायव्हीलचा."

कारकुनाने मजकूर वाचला. तो भला माणूस होता. पेन्सिल घेऊन म्हणाला, "हे बघा, शब्दाला पैसे पडतात. 'लेखात सांगितलेली रीत धोक्याची आहे, वापरू नये.' इथे संपवा. खालचं सगळं काढू. काम भागतं, तुमचे पैसे वाचतात."

"खालचं ठेवा."

"अहो, धोका आहे म्हटलं की कळलं की लोकांना."

"नुसतं नको म्हटलं की माणूस आपल्या मनाने काहीतरी करतो," ॲन्सेल्म म्हणाला. "त्याला काय करायचं ते पाहिजे. आणि कुठल्या रंगावर थांबायचं ते."

"आणि ही 'चूक लेखकाची आहे, गॅरेजची नाही' ओळ?"

"तीही."

"नाव पूर्ण?"

"पूर्ण. गावासकट."

जाहिरात एकदा छापून भागणार नव्हते. रविवारी वाचणारा वेगळा, बुधवारी वाचणारा वेगळा. ती दोन्ही दिवशी आली. शोलावरमला युजीन दुसरी रिंग लावून गेला, फेबियन त्याच्याबरोबर गेला. गाडीचा नंबर मधलाच कुठलातरी आला, पण ती उलटली नाही. ॲन्सेल्म त्या दिवशी गॅरेजात एका ॲम्बॅसॅडरचे ब्रेक करत होता. करून झाल्यावर त्याने ते परत उघडले.

सगळ्या हंगामाच्या ओव्हरटाइममधून एक रिंग चाळीसगावला गेली. बाकीचा पगार वर्तमानपत्रात गेला, जमिनीच्या वादांच्या आणि बदललेल्या नावांच्या मध्ये:

"स्टार्टर रिंग गोवऱ्यांत लाल करून पाणी ओतू नये. रिंगची एक जागा घासून चकचकीत करावी, खालून एकसारखी तापवावी, त्या जागेवर सुकल्या गवतासारखा पिवळा रंग दिसताच थांबून चढवावी. पाणी घालू नये. आपोआप निवू द्यावी. आधी लाल करून बसवलेली रिंग चांगली वाजली तरी काढून टाकावी. चूक लेखकाची आहे, गॅरेजची नाही. — ॲन्सेल्म तुस्कानो, पापडी, वसई."